नानाचं टिंब

"शुंभ विवाह," मामांनी मोठ्यांदा वाचलं आणि वाजंत्री थांबली.

मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावर, मागे साताऱ्याचं सगळं वऱ्हाड, पुढे आरतीचं ताट घेतलेली माझी आई. मी माडीच्या खिडकीत, मुंडावळ्या बांधून. लग्न माझं होतं. दारावर तांबड्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'शुभ विवाह' लिहिलं आहे, अशी तोवर आमची समजूत होती. मामा म्हणजे नवरदेवाचे मामा. साताऱ्यात शाळामास्तर होते. मास्तर माणूस दारावरची पाटीसुद्धा तपासल्याशिवाय आत जात नाही. त्यांनी काठी वर केली आणि फळ्यावर दाखवावं तसं दाखवलं.

"शु. शुच्या डोक्यावर टिंब. शुंभ. शुंभ विवाह."

शुंभ म्हणजे काय ते सांगायला नको. तोंड उघडं टाकून नुसता बघत उभा राहतो तो शुंभ. आणि घोड्यावर नवरदेव नेमके तोंड उघडं टाकून वर बघत होते.

आता आधी नाना सांगते. त्या अक्षरांचे धनी ते होते आणि त्यांना ओळखल्याशिवाय पुढचं खरं वाटायचं नाही.

नाना सांगलीत आमच्या शेजारी राहायचे. छापखान्यात खिळे जुळवायचे. छापायच्या शिशाच्या अक्षराला खिळा म्हणतात, म्हणून गाव त्यांना खिळेनाना म्हणायचं. अंगानं काटकुळे, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, बोटं कायम काळी. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. बोलायचे ते अक्षरांवरच. दुसरं काही विचारलं तर तेही फिरवून अक्षरांवर आणायचे.

लढाई लागली आणि शिसं मिळेना. जाहिरातीची मोठी अक्षरं झिजून झिजून 'ग' कुठला आणि 'म' कुठला ते ओळखू येईना. मालक म्हणाले, "नाना, काहीतरी करून भागवा." मालकांनी हे बोलायला नको होतं.

नानांनी आधी सुरण आणला. सुरणावर अक्षरं उलटी कोरली, शाई लावली, छापली. अक्षरं झकास उठली. पण जुळवणाऱ्याचे हात खाजायला लागले, यंत्र फिरवणाऱ्याचे खाजायला लागले, आणि मालकांनी कागद हातात घेऊन बघितला तर त्यांचेही. मालक मान खाजवत म्हणाले, "सुरण बंद."

मग भोपळा. एका नाटक कंपनीची जाहिरात भोपळ्याच्या अक्षरांत छापली. सकाळी छापली ती अक्षरं टपोरी आली. दुपारपर्यंत उन्हानं भोपळा सुकला आणि अक्षरं आकसली. कंपनीचा मुख्य नट तणतणत आला. "माझं नाव सकाळी केवढं होतं आणि आता केवढं झालं बघा. मी दुपारनंतर काय वाईट काम केलं?"

नाना म्हणाले, "तुमचं न्हाई, भोपळ्याचं चुकलं."

शेवटी त्यांना चपलेचा तळ सापडला. जुन्या वहाणेचं कातडं. शाई चांगली धरायचं, दाबाला टिकायचं. नाना गावभर जुन्या चपला गोळा करत फिरायला लागले. मग असं झालं की देवळाबाहेर कुणाची वहाण गेली की तो माणूस आधी चौकीवर न जाता छापखान्यात जायचा. एकदा एक पहिलवान बैल विकायच्या जाहिरातीपुढं उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ह्यो 'म' माझ्या चपलेचा हाय. टाचेला खिळा मारलावता, त्याचं भोक दिसतंय."

नाना पुढे झाले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "भोक दिसतंय खरं. पण वळण बघा गड्या, वळण. पायात हुती तवा कुणी बघत हुतं का तिच्याकडं?"

पहिलवान विचारात पडला. चपलेचा दुसरा जोडही देऊन गेला.

'वळण' हा त्यांचा आवडता शब्द. म्हशीची शिंगं बघितली तरी वळण, जिलबी बघितली तरी वळण. माणसांना ते नावानं ओळखत नसत. गल्लीतून कुणी उंच माणूस ताठ चालत गेला की म्हणायचे, "काना चाललाय बघ." आमच्या घरमालकाला पोट होतं, त्याचा 'ठ' झाला होता. मी बुटकी, शेंडीसारखी वेणी पुढे आलेली, म्हणून मी पहिली वेलांटी. मोठी झाल्यावर मी म्हटलं, "नाना, आता तरी दुसरी करा." तर म्हणाले, "उंची वाढली का तुझी? मग."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती आणि घरात धुणं होतं. पण अक्षर माझं बरं आहे ते नानांमुळे. त्यांनी मला गिरवायला पाटी दिली नाही. भाकरी दिली. स्वतःचा स्वयंपाक स्वतःच करायचे आणि भाकरी कधी गोल थापायचे नाहीत. तव्यावर अक्षर टाकायचे. संध्याकाळी आई भिंतीपलीकडून विचारायची, "नाना, आज काय केलंय?"

"आज ठ."

"आन कोरड्यास?"

"अर्धचंद्र."

अर्धचंद्र म्हणजे कांद्याची फोड. एकट्या माणसाचं जेवण एवढंच. पण ते असं सांगायचे की आईला वाटावं पंगत आहे.

आता टिंबाचं सांगते. त्या काळी मराठी लिहिताना टिंबं फार असायची. जिथे बोलताना नाकातून काही येत नाही तिथेही टिंब द्यायचे. कुठे द्यायचं आणि कुठे नाही, हे शिकलेल्यांनाही धड माहीत नसायचं. नानांचं एक टिंब कधी चुकलं नाही. आणलेल्या मजकुरात टिंब कमी असलं तर नाना स्वतःच्या हातानं देऊन टाकायचे, मग लिहिणारा वकील असो की आणखी कुणी. पेठेत तसा शब्दच पडून गेला होता. हळदीचा भाव पक्का ठरला की व्यापारी म्हणायचे, "नानाचं टिंब." म्हणजे आता बदल नाही. माझे वडील, आबा, हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीतल्या कोठारांवर, मुकादम होते. माझं लग्न जमलं तेव्हा घरी येऊन आईला तेच म्हणाले, "नानाचं टिंब हाय. पोरगी दिली."

लग्न जमणं ही सोपी गोष्ट नव्हती. मी काळी, बुटकी, तोंडानं फटकळ. बघून गेलेले परत निरोप धाडत नसत. हे स्थळ साताऱ्याचं. मुलगा शांत होता. इतका शांत की त्याच्या गल्लीत त्याला शुंभ म्हणायचे. हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाची आई मात्र फार शकुन-अपशकुन पाळणारी. मुलाचं आधी एक ठरलेलं लग्न तिनं मोडलं होतं, कारण सुपारी फोडताना कुणीतरी शिंकलं. आबांनी आम्हा सगळ्यांना ताकीद दिली होती, "लगीन लागंपत्तूर कुणी शिंकायचं बी न्हाई."

मांडवाची पाटी नाना करणार हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आले आणि आईला म्हणाले, "पाटी कुरडईची करायची."

"आवं नाना, कुरडई खायची असती."

"खायचीच हाय. वाचून झाल्यावर."

आणि त्यांनी घरातून सोऱ्या आणला. पितळेचा, चिंचेनं घासलेला. तो त्यांच्या बायकोचा सोऱ्या. आई सांगायची, ती गेल्यापासून नानांनी तो कुणाला उसना दिला नव्हता. घरातलं पातेलं मागा, खलबत्ता मागा, मिळायचा. सोऱ्या मागितला की म्हणायचे, "त्याची दांडी बिघडलीय." त्या दिवशी दांडी चांगली फिरत होती.

गव्हाचा चीक शिजवला. नाना सोऱ्या दोन्ही हातांनी धरून ओल्या धोतरावर अक्षर काढायचे. दाबता दाबता हात फिरवायचा, वळण आलं की दाब सैल करायचा. बायका चिकाचा घास हातात धरून बघत बसल्या. वाळत घातल्यावर कावळे राखायला मी. नवरी असून काठी घेऊन गच्चीवर बसले होते. नाना येऊन येऊन सांगायचे, "त्यो बघ त्यो, त्या कौलावरचा. त्याची नजर बरी न्हाई."

तळताना आणखी गोंधळ. कुरडई तेलात फुगते आणि फुगताना ती कुणाचं ऐकत नाही. 'भ'ची गाठ फुगून उलगडली आणि त्याचा 'म' झाला. तो नानांनी खाल्ला. 'वि'ची वेलांटी मोडली. तीही खाल्ली. असं करत करत एक पाटी जमली. तांबड्या कापडावर चिकानं चिकटवलेली, पांढरी, कुरकुरीत. दिसायला सुरेख होती, हे मलासुद्धा कबूल करावं लागेल. कापडामागची फळी थोडी मागे कलती बांधली, म्हणजे अक्षरं सुटून खाली पडू नयेत. तिथेच घात झाला. सरळ बांधली असती तर वरून जे पडलं ते घसरून खाली गेलं असतं.

मी खिडकीत होते. वाजंत्रीचा आवाज कोपऱ्यावर आला तेव्हा कौलावरचा तो कावळा उठला आणि पाटीच्या वरच्या बांबूवर येऊन बसला. 'ह'चा एक तुकडा तोडला, खाल्ला, बांबूवरच दुसऱ्या टोकापर्यंत सरकला, शेपूट वर केली आणि उडून गेला. 'शु'च्या बरोबर वर पांढरं टिंब पडलं. गोल, नीटनेटकं. नानांनी दिलं असतं तर असंच दिलं असतं.

नवरीनं खिडकीतून ओरडायचं नसतं. मी ओरडलेही असते, पण ओरडून काय सांगणार? लग्नाच्या पाटीवर कावळा घाण करून गेला म्हणून? कावळा कुठल्या कामाला लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो दहाव्याचा पाहुणा. शिंकेवर लग्न मोडणारी बाई खाली उभी होती.

तर मामांनी काठी वर केली ती इथे.

"हे टिंब कुणी दिलं?" मामा म्हणाले. "आमच्या मुलाला दारात बोलावून त्याचा पाणउतारा करायचा, हा सांगलीचा मान का?"

आबा पाटीकडे बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. "मामासाहेब, चुकून झालं आसंल, पुसून घिऊ."

"पुसायचं काय? नावासकट छापलंय. साताऱ्याच्या गल्लीतली बातमी सांगलीत पाटीवर आली."

वऱ्हाडात कुजबूज सुरू झाली. एकानं घोड्याचा लगाम धरून घोडं अर्धं वळवलंसुद्धा. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. पाटीकडे बघितलं, मग कौलाकडे बघितलं. कावळा तिथे बसून चोच पुसत होता.

"टिंब कुरडईचं न्हाई वाटत," त्या म्हणाल्या. "त्यो कावळा तर न्हवं…"

"टिंब माझं हाय," नाना म्हणाले.

मांडवाच्या खांबाआडून ते पुढे आले. सगळी सांगली तिथे होती. छापखान्याचे मालक होते, पेठेतले व्यापारी होते. नानांनी हात जोडले. "मी दिलं. हात चुकला. म्हातारा झालो, शुभ कुठं आन शुंभ कुठं, कळंना झालंय."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशी मांडवात शुंभ बरेच झाले.

सासूबाई हलल्या नाहीत. "कुरडई एवढी चपटी?"

"तळताना बसली."

"मग खाऊन दावा."

मला वाटलं, आता संपलं. गच्चीवर काठी घेऊन बसले ते फुकट गेलं. नाना शिडीवर चढले. नखानं ते टिंब सोडवलं. सगळ्यांच्या समोर तोंडात टाकलं. चावलं. जरा थांबले, कुणी वाढलेली भाजी चाखून बघावी तसे, आणि वरूनच आईला म्हणाले,

"वहिनी, मीठ कमी पडलंय."

आधी पोरं हसली, मग बायका, मग वऱ्हाड. मामा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे शुंभ कोण?"

"मी," नाना म्हणाले. "नवरदेव न्हवं. टिंब काढलं, आता वाचा."

मामांनी परत काठी वर केली आणि वाचलं. शुभ विवाह. वाजंत्री सुरू झाली. नाना शिडीवरून उतरले आणि मागच्या आडावर गेले. बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत होता. पंगतीला बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. त्यांनी ते खरंच सांगितलं असावं.

लग्न झालं, मी साताऱ्याला गेले. सांगलीत मात्र नानांचे वाईट दिवस आले. पेठेत तो शब्द राहिला, पण उलटा झाला. कुणी सौदा करून फिरला, कुणाचा हिशेब चुकला, की लोक म्हणायचे, "नानाचं टिंब झालं की रं." पोरं त्यांच्या दारापुढून जाताना डोक्यावर चिमूट ठेवून जायची. मालक वाईट नव्हते, पण नानांनी जुळवलेला मजकूर ते आता दुसऱ्याला तपासायला द्यायला लागले. नाना आपले चपलांची अक्षरं कापत राहिले.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "नाना, मी खिडकीत हुते. मी बघितलंय ते कुणाचं टिंब हुतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघितलंस?"

"व्हय. आता सांगून टाका की सगळ्यांस्नी. लगीन झालं, पोर झालं."

"खुळी हाईस. तुझ्या सासूच्या कानावर गेलं म्हंजे? उद्या ह्या पोराला नुसता खोकला झाला तरी तिला कावळा आठवंल." मग बाळाकडे बघितलं, पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या, आणि म्हणाले, "वळण बघ. अस्सल 'ळ' हाय." आणि उठून गेले. दारातून मात्र परत फिरून म्हणाले, "तू बघितलंस नव्हं. बास."

स्वराज्य आलं त्यानंतर नाना गेले. साध्या तापानं. त्यांचं कुणी नव्हतं म्हणून दहावा आबांनी केला. आम्ही दोघं साताऱ्याहून गेलो. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. पिंपळावर कावळे होते. एकही खाली येईना.

कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचं काही मागे राहिलं आहे, असं म्हणतात. मग ज्याला जे सुचेल ते तो कबूल करतो. आबा म्हणाले, "नाना, तुमचा सोऱ्या पोरीकडं दिऊ, काळजी करू नगा." कावळा आला नाही. मालक म्हणाले, "नाना, तुमची चपलेची अक्षरं जपून ठेवतो." आला नाही. एका व्यापाऱ्यानं हळूच म्हटलं, "टिंबच राहिलं आसंल एखादं," आणि दोघंतिघं तोंडावर उपरणं धरून हसले.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. चार माणसांत तोंड उघडायची यांना सवय नव्हती. पिंडापुढे जाऊन उभे राहिले आणि सरळ वर पिंपळाकडे बघत बोलले.

"नाना, ते टिंब तुमचं नव्हतं. कावळ्याचं हुतं. मी घोड्यावरनं बघितलं."

ज्यांनी उपरणं धरलं होतं त्यांनी ते खाली केलं. मालक बघत राहिले. हिशेब लागत गेला तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला, कारण ते टिंब नानांनी कसं चावलं होतं ते त्यांनीही बघितलं होतं.

मग एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारली. भुकेला असेल. आमच्या आबांनी मात्र त्याला हात जोडले.

परतताना मी यांना विचारलं, "घोड्यावरनं दिसलं हुतं, तर तवा का बोलला न्हाई?"

"लगीन करायचं हुतं मला," हे म्हणाले.

यांना शुंभ म्हणत होते.

साताऱ्याला आल्यावर हे आपल्या आईला सगळं सांगून बसले. मी चुलीपाशी होते, हात थांबला माझा. सासूबाईंनी पान लावत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. कुरडई एवढी चपटी आसती व्हय?"

"मग बोलला का न्हाई, आत्याबाई?"

"त्या माणसानं खाल्लं की गं ते," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर मी काय बोलणार?"

नाना गेले, मामा गेले, सासूबाई गेल्या, हेही गेले. सोऱ्या माझ्याकडे आहे, त्याची दांडी आता खरंच बिघडली आहे. त्या दिवशी दारात कोण कोण होतं ते विचारायला आता कुणी उरलेलं नाही. खिडकीतली नवरी तेवढी उरली आहे.